सोन्याच्या छपराचं शहर

"आधी तू पाह्य," पुंजाजी बायकोला म्हणाला. "मंग शालिग्राम, मंग कोकिळा. मी शेवटी."

मोताळ्याच्या बाजारात खेळवाल्याच्या चित्रं दाखवणाऱ्या पेटीपुढे पुंजाजी माळ्याचं सगळं घर उभं होतं. मनकर्णाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. कोकिळा, नवी सून, पदराचं टोक दातात धरून पेटीच्या भिंगाकडे टक लावून बघत होती. त्यातून आता कोणीतरी बाहेरच येणार, असं तिला वाटत असावं. शालिग्राम तेवढा गाडीला टेकून लांब उभा होता. बापाचं हे खूळ आज एकदाचं मिटावं, एवढीच त्याची इच्छा.

खूळ जुनं होतं. तरुणपणी पुंजाजी बुलढाण्याला एका इंजिनेर साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. साहेबाची लहानगी पोर त्याच्याशिवाय कोणाच्या हातचं खाईना. म्हणून रजेवर मायदेशी जाताना साहेबाने त्यालाही आगबोटीत चढवलं. वाटेत बोट सोडून मंडळी आगगाडीत बसली, आणि मडमेच्या हौसेखातर इन्सब्रुक नावाच्या जुन्या शहरात उतरली. पोरीला खांद्यावर घेऊन पुंजाजीने ते शहर पायी पालथं घातलं. कुठल्याही गल्लीत उभं राहावं, तर टोकाला बर्फाचा डोंगर. नदी हिरवी, आणि अशी थंडगार की बोट बुडवलं तर कळ खांद्यापर्यंत जावी. आणि चौकात कुण्या राजाचा सज्जा, त्यावर सोन्याचं छप्पर.

परत आल्यावर त्याने हे सगळं गावाला सांगितलं. गावाने डोंगर मान्य केला, नदीही मान्य केली. छपराशी मात्र घोडं अडलं.

"अन् चोर काऊन नेत नाई बे थे छप्पर?" रंगराव पाटलाने पारावर विचारलं.

सगळा पार हसला. त्या दिवसापासून गावाने त्याचं नाव सोनछपरे ठेवलं. त्याने वांगी ताजी आहेत म्हटलं तरी लोक हसत. शालिग्रामच्या सोयरिकीच्या बैठकीतही कोणीतरी ते छप्पर काढलं आणि व्याही पोट धरून हसले. त्या रात्री शालिग्राम म्हणाला, "बाबा, याच्यापुढं थे शहर काढू नका. मले चारचौघात मान वर करता येत नाई."

पुंजाजीने ते शहर पुन्हा काढलं नाही. पण खरं सलत होतं ते वेगळंच. मनकर्णाबाईने त्याला कधी खोटं म्हटलं नव्हतं, आणि कधी काही विचारलंही नव्हतं. विषय निघाला की ती चुलीकडे वळायची. गावाच्या हसण्यापेक्षा तिचं हे वळणं त्याला जास्त लागायचं.

आणि गेल्या बाजारी खेळवाल्या निवृत्तीची आरोळी त्याच्या कानावर पडली, "पहाड का शहर देखो! सोने की छत देखो!" पुंजाजीच्या हातातला तराजू तसाच लोंबकळत राहिला. तरी त्याने एकट्याने जाऊन भिंगाला डोळा लावला नाही. एकट्याने पाहिलेलं कोणी खरं धरत नाही, हे त्याला एव्हाना पुरतं कळून चुकलं होतं. म्हणून आज तो सगळं घर घेऊन आला होता, आणि खेळाचे दाम म्हणून निवृत्तीपुढे त्याने वांग्यांची टोपली ठेवली होती.

मनकर्णाबाई वाकली. निवृत्तीने दोरी ओढली. ती बराच वेळ हललीच नाही.

"काय व? दिसलं का?"

"दिसलं."

"छप्पर?"

ती सरळ झाली, पदर सारखा केला आणि भोवतालच्या चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सोन्याचं हाय."

शालिग्राम झटकन पुढे आला. त्याने डोळा लावला, काढला, आईकडे पाहिलं. आई बैलांकडे बघत होती. त्याने पुन्हा डोळा लावला.

"हाव," तो घसा खाकरून म्हणाला. "सोन्याचंच हाय, बाबा."

कोकिळा तर भिंगाला चिकटलीच. "अगबाई! डोंगर तं घराच्या मांगंच उभा हाय, मामाजी!"

"अन् छप्पर, बाई?"

तिने नवऱ्याकडे चोरून पाहिलं. "थे… हे म्हणतात तसंच हाय."

पुंजाजीच्या डोळ्यांना पाणी आलं. ते पागोट्याच्या शेवाने पुसून तो वाकला.

डोंगर होता. चौक होता. सज्जाही होता. पण फोटो होता तो, नुसता काळा-पांढरा. त्यात छप्पर तव्यासारखं काळंकुट्ट होतं.

निवृत्तीने चित्र बदलायला दोरीला हात घातला तसा पुंजाजी म्हणाला, "थांब बापू, जरासा." त्याला शहर बघायचं नव्हतं. तोंड वर काढून या तिघांकडे कसं बघावं, तेच त्याला सुचत नव्हतं.

"हेच काय हो?" मनकर्णाबाईने मागून विचारलं.

"हेच," तो म्हणाला.

बाजारातून गाडी बाहेर काढताना रंगराव पाटील आडवा आला. "काय सोनछपरे, घरदार घेऊन कुठं?"

"काका, थे छप्पर म्या आज डोळ्यानं पाह्यलं," शालिग्राम गाडीतून उठून म्हणाला. "सोन्याचं हाय." त्याची मान चांगली ताठ होती. रंगरावाला हसावं की नाही ते कळेना, आणि शेवटी तो हसला नाहीच. पुंजाजी इतकी वर्षं खरं सांगत होता तेव्हा हे झालं नव्हतं.

ओढा ओलांडल्यावर पुंजाजी हळूच म्हणाला, "मनकर्णे, फोटूत रंगच नव्हता."

"थे मले काय दिसलं नाई?"

"मंग काऊन सांगतलं तसं?"

लांबवर गावाची झाडं दिसायला लागली होती. तिने पायाजवळची रिकामी टोपली बाजूला सारली आणि त्याच्याकडे सरकून बसली.

"बरं, खरं छप्पर कसं पिवळं होतं हो? हळदीसारखं, का हरभऱ्याच्या डाळीसारखं?"

पुंजाजीने वळून पाहिलं. ती खरोखरच विचारत होती. मागे शालिग्राम आणि कोकिळाही बोलायचे थांबले होते.

बैल घराच्या ओढीने पळू बघत होते. त्याने कासरा आवळून त्यांना पावलावर आणलं. गाव जवळ आलं होतं आणि सांगायचं पुष्कळ होतं.