नेमसाधकाचा एक

मी एक जुना नेमसाधक आहे. मित्रांनो, असे म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. एरवी समोर कोणी दिसले की मी आधी अंतर मोजतो. अंतराळयानाच्या तोफांना नेम धरून देणारे सॉफ्टवेअर म्हणजे मी. खरे यान मी कधी पाहिलेले नाही. माझे यान आणि त्याच्या तोफा कर्वेनगरातल्या नीरजाच्या फ्लॅटमधल्या, दर रविवारी जेवणाच्या टेबलावर चालणाऱ्या खेळातल्या. माझा देह म्हणाल तर पुठ्ठ्याचा एक तुकडा.

तो उल्काने कापला. कोणाच्या तरी लग्नपत्रिकेची पाठ कोरी होती. तिच्यावर तिने ठसठशीत अक्षरांत लिहिले, ‘नेमसाधक : फाशांच्या बेरजेत एक मिळवा.’ पुढच्या बाजूचा गणपती तसाच राहिला. खेळ समजायला सोपा होता. नीरजा गोष्ट सांगायची आणि बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलायचे. उल्काचे पात्र मंदाकिनी, आमच्या ‘घार’ यानाची वैमानिक. श्रीनिवास तोफा चालवायचा. दोन फासे टाकून आठ किंवा त्याहून जास्त पडले की नेम लागला. सात पडले तर राहिलेला एक मी द्यायचो.

काय दिवस होते ते! किती चाचे उडवले, किती यानांच्या ठिकऱ्या केल्या. मंदाकिनी यान बरोबर शत्रूच्या पाठीवर आणून ठेवायची, श्रीनिवास फासे टाकायचा आणि ओरडायचा, “आणि नेमसाधकाचा एक!” खालच्या मजल्यावरच्या आनंदीबाई एकदा वर आल्या आणि म्हणाल्या, “तुमचा तो एक जरा हळू मिळवता येतो का पाहा.” कौतुक सगळे श्रीनिवासचे व्हायचे. मला लोकांचा राग येतो तो काही उगाच नाही.

मग उल्का विश्रांतवाडीला राहायला गेली. तिथून कर्वेनगरला यायचे म्हणजे बस बदलण्यात निम्मा रविवार जायचा. तिला घराजवळच खेळणारी मंडळी मिळाली. तिने ते नीरजाला सांगितले, आणि श्रीनिवासला नीरजाकडून कळले. झाले! कॉलेजपासूनचा मित्र, आणि त्याला बातमी दुसऱ्याच्या तोंडून. ते त्याच्या जिव्हारी लागले.

उल्काच्या शेवटच्या रविवारी चहा येण्याआधीच तोंडे सुरू झाली.

“विश्रांतवाडीत फार चांगले लोक भेटले म्हणे,” श्रीनिवास म्हणाला. “चहा वेळेवर देतात का?”

“देतात. आणि टोमणे मागितले तरच देतात.”

“मंदाकिनीचं काय?”

“ती माझी आहे. माझ्याबरोबर येणार. तिकडे तिलाच खेळणार मी.” उल्का नीरजाकडे वळली. “मंदाकिनी ‘पाखरू’ घेऊन निघतेय.”

पाखरू म्हणजे घारीच्या पोटातली छोटी होडी. तिच्या संगणकात एकाच सॉफ्टवेअरला जागा. नीरजाने विचारले, “नेम चुकवणारं हुलकावणीचं कार्ड लावतेस ना?”

“आपल्याच यानापासून कशाला हुलकावणी?” उल्का म्हणाली.

“मी तोफ डागतो,” श्रीनिवास म्हणाला. “पाखरावर. मंदाकिनी या टेबलावर जन्मली. ती दुसरीकडे नांदणार नाही.”

“श्री, लागला तर ती मेली,” नीरजा म्हणाली. “मी परत जिवंत करणार नाही, आणि मेलेलं पात्र उल्कालाही तिकडे खेळता यायचं नाही.”

“टाकू दे त्याला,” उल्का म्हणाली.

फासे पडले. चार आणि तीन.

बेरीज करायला कोणाला बोटे लागली नाहीत. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. श्रीनिवासने तोंड उघडले, मग मिटले. त्याने फासे मुठीत घेतले आणि खाली बघत म्हणाला, “चुकला.”

इतक्या वर्षांत तो मला एकदाही विसरला नव्हता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सावज नेमात होते आणि हा मला विसरल्याचे सोंग करत होता! नीरजाने सुटकेचा निःश्वास सोडला. ती म्हणाली, “गोळा बाजूने गेला. पाखरू...”

“थांब.” उल्काने मला उचलले आणि श्रीनिवासच्या मुठीपुढे ठेवले. “नेमसाधकाचा एक राहिला. मला कोणाचे उपकार नकोत.”

नियम तो नियम. आठ झाले, मी लागलो आणि मंदाकिनी मेली. उल्काने पर्स उचलली, चपला घातल्या आणि चहा न घेता ती बसला गेली. त्यानंतर त्या टेबलावर फक्त जेवणे झाली.

आता मी श्रीनिवासच्या कपाटात, पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात फाशांच्या शेजारी पडून असतो. कधीमधी तो खोके उघडतो, मला हातात घेतो आणि गणपतीची बाजू वर करून ठेवतो. उल्काचे अक्षर त्याला बघवत नाही. विश्रांतवाडीला फोन लागतो, पण तो करत नाही. तीही करत नाही. दोघेही एका मातीचे.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. फाडून टाकलेत तरी माझी हरकत नाही. पण तुमच्यावर रागावलेला माणूस कधी हातातला एक मुद्दाम विसरला, तर कृपा करून त्याला त्याची आठवण करून देऊ नका. गुपचूप चहा घ्या आणि मग बसला जा.