नाकेदारीण

पाय निर्जंतुक करायचा परमँगनेटचा ट्रे कोरडा ठणठणीत पडला होता. मुलीच्या बाळंतपणाहून नुकतीच परतलेली वहिनी दुकानाच्या मागच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी थबकली. हातातली पिशवी तिने बाहेरच भिंतीला टेकवली, बादलीत जांभळं पाणी कालवलं, ते ट्रेमध्ये ओतलं आणि त्यात पाय बुडवून मगच आत गेली. प्रवासाचे कपडे बदलायचेही राहिले होते.

आत तीन टाक्या होत्या. दोन रिकाम्या आणि तिसरीत नव्या मालातले कार्प जातीचे मासे. ती मुलीकडे निघाली तेव्हा टाकी भरलेली वाटायची, आता चांगलीच विरळ दिसत होती. उरलेल्यांपैकी एक मासा कोपऱ्यात डोकं खाली करून, शेपटी वर अशा अवस्थेत उभा होता. वहिनीने काचेवर बोट टेकवलं. बाकीचे बिचकून पळाले, तो हलला नाही.

दुकान दोघा भावांनी काढलं होतं. शोभेचे मासे, टाक्या, पंप, खाणं. थोरल्याचा, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याचा, एक हट्ट होता. बाहेरून आलेला मासा थेट दुकानात जायचा नाही. आधी तीन आठवडे मागच्या खोलीत राहायचं, तिथली जाळी वेगळी, बादली वेगळी. पुढे सरकारनेच तसा नियम केला आणि परवान्याला जोडून दिला: माल कुठून आला, कुठल्या टाकीत ठेवला, किती मेले, कोणाला विकले, सगळं लिहून ठेवायचं. तोवर थोरला गेला होता. मागची खोली वहिनीने घेतली, कारण धाकट्याला पुढचं गिऱ्हाईक सोडवत नव्हतं आणि तिला घरात बसवत नव्हतं. बाजारात तिला नाकेदारीण म्हणायचे. माल उतरवणारे टेम्पोवाले हात जोडून म्हणत, बाई, आमचीपण तपासणी करून घ्या, घरी आत घेत नाहीत. ती हसायची, पण टेम्पोचा फाळका धुऊन घेतल्याशिवाय सोडायची नाही.

दीर मागे येऊन उभा राहिला. नात कशी आहे, कोणावर गेली, असं सगळं त्याने एका दमात विचारून घेतलं. वहिनीने उत्तरं दिली आणि मग विचारलं, "भाऊजी, बाकीचे कुठे गेले?"

हॉटेलचं उद्घाटन होतं, त्याने सांगितलं. त्यांना हौदात रंगीत मासे तातडीने हवे होते. दातांच्या दवाखान्याला दोन दिले, आणि एक घड्याळं दुरुस्त करणारे काका आले होते, त्यांना दोन. मुदत संपायला थोडेच दिवस राहिले होते आणि मासे ठणठणीत होते.

"वहीत लिहिलंय मी सगळं," तो म्हणाला. "कोणाला, कधी, किती."

खरंच लिहिलं होतं. त्याच्या गिचमिड अक्षरात, पत्त्यांसकट. नियम मोडला होता, पण मोडल्याची नोंद चोख केली होती. वहिनीला त्याच्यावर नीट रागावताही येईना.

तिने कोपऱ्यातला मासा ओल्या हातात घेतला आणि त्याच्या गालावरचं झाकण अलगद उचललं. कल्ले लाल भडक असायला हवेत. ते चिखल माखल्यासारखे झाले होते आणि मधेमधे पांढरे चट्टे होते. मत्स्य खात्याने दिलेल्या रोगांच्या तक्त्यावर असं चित्र होतं. प्रत्यक्षात तिने ते कधी पाहिलं नव्हतं. तिने मासा परत पाण्यात सोडला. तो तसाच कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

"खात्यात कळवावं लागेल," ती म्हणाली.

दीर बराच वेळ बोलत राहिला. आवाज त्याने चढवला नाही. टाकीतले आपणच निकालात काढू, खोली धुऊन घेऊ, गिऱ्हाइकांना फोन करून बदलून देऊ. खात्याची माणसं आली की मागच्या खोलीवर थांबणार नाहीत, पुढचं दुकानही रिकामं करायला लावतील, हे त्याला ठाऊक होतं. वहिनीलाही ठाऊक होतं, कारण तो माल बाहेर काढताना याच खोलीतली जाळी पुढच्या हौदात बुडाली होती, हे त्याने आत्ताच बोलता बोलता सांगून टाकलं होतं. शेवटी तो थकून स्टुलावर बसला.

"दादा असता तर त्याने तरी कळवलं असतं का, वहिनी?"

"ते नाही मला माहीत," वहिनी म्हणाली. "ते नाहीत, मी आहे."

तिने फोन केला तेव्हा तो तिथेच बसला होता. तिचा हात धरावा असं काही त्याने केलं नाही.

खात्याची डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी आली. कमी बोलणारी, पण समोरच्याचं ऐकून घेणारी बाई होती. तिने नमुने नेले आणि दारावर विक्रीबंदीचा कागद चिकटवला. निकाल आला तो वहिनीला वाटलं होतं तोच. कार्पांचा विषाणू. माणसाला काही करत नाही, पण कार्पांचे हौदच्या हौद रिकामे करतो आणि त्यांच्या जातभाईंमार्फतही पसरतो. पुढचा हौद उपसला गेला. त्यातले कितीतरी मासे दिसायला अगदी धडधाकट होते. दीर त्या वेळी दुकानात थांबला नाही. वहिनी थांबली. औषधाच्या पाण्यात मासे एकेक करून आडवे होत गेले, आणि डॉक्टरीणबाई सांगेल तो आकडा ती लिहीत गेली. संध्याकाळी जावेने तिच्यापुढे ताट ठेवलं, पण नेहमीसारखी शेजारी बसली नाही. दीर पुढचे बरेच दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलला. घर तेच होतं, जेवणं तीच होती. फक्त वहिनी खोलीत आली की इतरांचं बोलणं जरा लवकर आटपायचं.

विकलेले मासे परत आणणं हे दुकानाचं काम होतं, म्हणजे वहिनीचं. दातांच्या दवाखान्यात काम सोपं होतं. तिथल्या मुलीने सांगितलं, एक कालच मेला, दुसरा न्या बाई, पेशंट उगाच त्याच्याकडे बघून घाबरतात. हॉटेलमध्ये मॅनेजरने तिला दारातच उभं केलं. मग खात्याचं पत्र आलं आणि त्यांचा नवाकोरा हौद उपसला गेला. तिथला माळी तेवढा भला होता. तो म्हणाला, रोज सकाळी दोन-तीन काढत होतो बाई, मला वाटलं माझंच पाणी घालायचं चुकतंय. त्याच्या जिवावरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

घड्याळवाल्या काकांकडे ती सगळ्यात शेवटी गेली. दोन खोल्या, वरचा मजला, आणि खोलीच्या खिडकीला लागून छोटीशी गॅलरी. गॅलरीत विटांवर एक मोठा टब ठेवलेला होता. त्यात दोन कार्प: एक केशरी, एक पांढराशुभ्र. खिडकीच्या आतल्या बाजूला खाट होती आणि खाटेवर काकू. अंथरुणाला खिळून त्यांना वर्ष होत आलं होतं. त्यांना बघायला काहीतरी हलतं हवं, म्हणून काकांनी मासे आणले होते.

वहिनीने सगळं समजावून सांगितलं. काकांनी घड्याळ उघडताना ऐकावं तसं कान देऊन ऐकलं.

"आमच्याकडे दुसरा मासाच नाही, ताई," ते म्हणाले. "मग हे रोग देणार कोणाला?"

वहिनीने हातातली बादली खाली ठेवली. आतून काकूंनी विचारलं, कोण आलंय? काका म्हणाले, मासेवाल्या ताई आल्यात, मासे कसे आहेत ते बघायला. त्यावर काकूंनी पडल्या पडल्या सांगितलं की केशरी फार हावरट आहे, पांढऱ्याला खाऊ देत नाही, त्याला जरा समज द्या.

वहिनी रिकामी बादली घेऊन खाली उतरली आणि तिथूनच तिने डॉक्टरीणबाईला फोन लावला. मासे तिथेच ठेवणं नियमात बसतं का, तिने विचारलं. बसत होतं, पण अटी होत्या. टब हलवायचा नाही. नवा मासा आणायचा नाही. बदललेलं पाणी ब्लीचिंग पावडर टाकून मुरवल्याशिवाय ओतायचं नाही. रोज पाण्याचं तापमान मोजून लिहायचं आणि दुकानाने आठवड्याला येऊन पाहणी करायची. त्या घराची नोंद मागच्या खोलीचाच भाग म्हणून होईल. वहिनी परत जिना चढली.

काकांना थर्मामीटर आवडला. घड्याळजींना आवडावी अशीच ती वस्तू होती. त्यांनी बारीक, सुबक आकड्यांचा तक्ता करून गॅलरीच्या दारामागे लावला.

आठवड्यामागून आठवडा वहिनी जाऊ लागली. चौथ्या की पाचव्या खेपेला दार उघडताच काकांनी तोंडावर बोट ठेवलं आणि तिला गॅलरीत नेलं. टबात एकटा केशरी होता. पांढरा पहाटे गेला होता. काकांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, सांगितल्याप्रमाणे, वेगळा ठेवला होता.

"आत बोलू नका," ते अगदी हळू म्हणाले. "तिला सांगितलेलं नाही."

वहिनीने गॅलरीतच उभ्याने नोंद केली. मृत, एक. आतून काकूंनी विचारलं, काय म्हणतात ताई? काका म्हणाले, दोन्ही छान आहेत म्हणतात. वहिनीने मान खाली घालून हात धुतले. खोटी नोंद तिने कधी केली नव्हती, पण हे काही वहीत जाणार नव्हतं.

पुढच्या खेपेपासून काकू तिला आपण होऊन सांगू लागल्या. आज पांढरा केवढा वर आला होता. काल पांढऱ्याने केशरीला पळवलं. बोलताना त्यांना धाप लागायची. काका वहिनीकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचे आणि ती समजायची. औषधांची गुंगी असेल, नजर अधू झाली असेल. काका टबात दाणे टाकत म्हणायचे, "हो ग, बघितलं मी. मजेत आहे."

दुकानावरचा कागद निघाला. दिराने पुढचा हौद नव्याने भरला, निम्माच. एका सकाळी वहिनी मागच्या खोलीपाशी गेली तर ट्रे जांभळ्या पाण्याने भरलेला होता आणि दीर आत नव्या मालाच्या पिशव्या टाकीत तरंगत ठेवत होता. त्या आठवड्यात ती काकांकडे निघाली तेव्हा तो चाव्या घेऊन मागोमाग आला. म्हणाला, चला, गाडीवर सोडतो, त्या बाजूलाच काम आहे. त्या बाजूला त्याचं काही काम नव्हतं. तो खाली थांबून राहिला आणि तिला परत घेऊन आला. मग ते दर आठवड्याचंच झालं.

अशाच एका खेपेला काकांचं दार उघडंच होतं. आत खाटेवर चादर नव्हती, नुसती गादी. औषधांचा ट्रे कोणीतरी स्वच्छ पुसून भिंतीशी उभा केला होता. काका म्हणाले, "मंगळवारी गेली. झोपेतच."

वहिनीने काढलेली वही परत पिशवीत ठेवली. मग म्हणाली, आज राहू दे, मी नंतर येते.

"नाही, पाहून घ्या," काका म्हणाले. "आलाच आहात तर."

दोघं गॅलरीत गेले. तक्त्यावर सगळे आकडे होते, मंगळवारचाही. केशरी मासा आता चांगला भरला होता. हाताची सावली पडली तसा तो वर आला. काकांनी विचारलं, आता बघणारं कोणी नाही, तर याला दुकानात नेता येईल का. इथे एकटा काय करेल?

वहिनीने खरं ते सांगितलं. आजारातून वाचलेला मासा स्वतः बरा दिसतो, पण रोग त्याच्या अंगात कायम राहतो. त्याला दुसऱ्या कार्पांच्या पाण्यात सोडता येत नाही, कधीच. नेला तर मारावाच लागेल.

"म्हणजे जन्मभर क्वारंटाईन," काका म्हणाले.

"जन्मभर."

"मग राहू दे इथेच." त्यांनी चिमूटभर दाणे टाकले.

वहिनी हात धुवायला मोरीत गेली. परत आली तर काका खाटेवर आडवे झाले होते, जिथे काकूंचं डोकं असायचं तिथे डोकं ठेवून. तिला बघून ते उठायला लागले, पण उठले नाहीत.

"ताई, इथून टब दिसतच नाही."

वहिनी खाटेजवळ गेली आणि वाकून, त्यांच्या उशाशी डोकं नेऊन बघितलं. खिडकीच्या कठड्याआड सगळं झाकलं जात होतं. टब नाही, टबाची कडासुद्धा नाही.

"आधी उशा लावून बसवायचो, तेव्हा दिसायचे," काका म्हणाले. "पण ते बसणं सुटलं त्याला किती दिवस झाले. पांढरा असतानाच सुटलं होतं."

त्यांनी डोकं परत गादीवर टेकवलं.

"मला वाटत होतं, मी तिला फसवतोय," ते म्हणाले.

बाहेर टबात मासा वळला असावा. गॅलरीतलं ऊन पाण्यावरून उसळून आत आलं होतं आणि छतावर त्याचा एक फिकट, हलता पट्टा पडला होता. तो थोडा पसरला, थरथरला, परत जागेवर आला. काका पडल्या पडल्या तिकडे बघत होते. वहिनीने स्टूल ओढलं आणि खाटेशेजारी बसली.

खाली दिराने एकदा हॉर्न वाजवला. ती उठली नाही. त्यानेही परत वाजवला नाही.