गुडघ्यातली टकटक

पोस्टमनकाकांनी काठी भिरकावली आणि अख्खं सभागृह उठून उभं राहिलं.

काठी मंचावरच्या ढिगात जाऊन पडली. तिथे आधीच पंधरा-वीस काठ्या, दोन कुबड्या आणि एक चाकांचा वॉकर पडलेला होता. निवृत्तीनंतर गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले हे काका दोन्ही हात वर करून मंचावर गोल गोल नाचत होते. "दोन महिने काठीशिवाय संडासला गेलो नव्हतो हो!" ते माइकमध्ये ओरडले. लोक हसले, लोकांनी डोळेही पुसले. काचेच्या बरणीत दोऱ्याला टांगलेली सुई हातात धरून सुईमहाराज मंद हसत राहिले.

"बघितलंत, वहिनी?" तिसऱ्या रांगेत शिंपीणबाईच्या नणंदेनं तिला कोपरानं ढोसलं. "आणि तुम्ही घरी बर्फ चोळत बसलाय."

शिंपीणबाईच्या हातात अकरा नंबरची चिठ्ठी होती. ती घामानं ओली झाली होती.

दीड महिन्यापूर्वी तिच्या उजव्या गुडघ्याची आतली झिजलेली बाजू काढून तिथे धातू आणि प्लॅस्टिक बसवलं होतं. बाकीचा सांधा तिचा तिचाच होता. "अर्धाच बदललाय," सर्जन म्हणाले होते, "पण बरं व्हायला वेळ मात्र पूर्ण द्या." पहिला महिना बरा गेला. मग एकदा जिना चढताना गुडघ्यात आवाज झाला. टक.

त्या दिवसापासून ती घाबरली होती. आतलं काही सुटलं असणार. सांगितलं तर पुन्हा उघडतील. म्हणून तिनं कुणालाच सांगितलं नाही, आणि आवाज होऊ नये म्हणून व्यायामही गुपचूप सोडला. गुडघा पंच्याऐंशी अंशांवर अडून बसला. संध्याकाळी तो नुकत्याच बंद केलेल्या इस्त्रीसारखा गरम लागे. दुकानातलं पायमशीन खोळीखाली गप्प होतं. ते चालवायला गुडघा नव्वदच्या पुढे जावा लागतो आणि शिवण्याखेरीज तिला दुसरं काही येत नव्हतं.

"शरीर मऊ, लोखंड कडक!" महाराज सांगत होते. "दोघांचा संसार होईल कसा? लोखंड रुसतं, तापतं. त्याच्या लहरी अणूंमध्ये शिरतात. अणू बिथरतात. डॉक्टरांना अणू दिसत नाहीत, ते बिचारे हाडंच बघतात!"

पाण्यात थेंबभर दूध टाकून त्याला दूध म्हणावं, इतपत शास्त्र त्या बोलण्यात होतं. पण भ्यालेल्या माणसाला तेवढा पांढरा रंगही पुरतो.

"अकरा नंबर!"

ती काठी टेकत वर गेली. दोन शिष्यांनी तिला खुर्चीत बसवलं. महाराजांनी डावा हात तिच्या गुडघ्याखाली धरला आणि उजव्या हातानं बरणी वर आणली. सुई थरथरली, मग सरळ गुडघ्याच्या दिशेनं झुकली. सभागृहात सुस्कारा उमटला.

महाराजांनी तिच्या कानाशी तोंड नेलं. "टक वाजतं ना, माई?"

हे तर तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"लोखंड दार ठोठावतंय," ते आता माइकमध्ये म्हणाले. "आजपासून गोळ्या बंद. व्यायाम बंद. एकच झटका देऊ. टाच मागे टेकेपर्यंत गुडघा वाकवला की लोखंड कायमचं झोपेल."

शिष्यांनी तिचे खांदे दाबले. महाराजांनी उजव्या हातानं टाच पकडली, डावा हात गुडघ्यावर ठेवला. तिनं डोळे मिटायला हवे होते, पण भीतीनं ते मिटेनात. म्हणून तिला दिसलं.

सकाळी ती घरी बसून हातशिलाई करत होती. टाचण्या खांद्याजवळच्या कापडात खोचायची तिची जुनी खोड. त्या तशाच राहिल्या होत्या. शिष्यानं दाबलं तशी एक सुटून मांडीवर पडली, महाराजांच्या हातापासून बोटभर अंतरावर. टाचणी थरथरली. डोक्यावर उभी राहिली. आणि उडी मारून त्यांच्या जाड अंगठीला चिकटली.

त्यांनी पटकन हात झटकला.

अशी उभी राहणारी टाचणी तिनं तीस वर्षं रोज पाहिली होती. दुकान बंद करताना फरशीवर सांडलेल्या टाचण्या ती चुंबकानं गोळा करायची. चुंबक टेकायच्या आधी त्या अशाच उभ्या राहायच्या.

तिची भीती गेली नाही, उलट वाढली. आत काय बसवलंय हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हातात तिची टाच होती.

"थांबा," ती म्हणाली. आवाज कापला, कुणाला ऐकूच गेला नाही. ती माइककडे वाकली. "थांबा! महाराज, दुसरा हात लावा."

"काय, माई?"

"अंगठीचा हात बाजूला घ्या आणि दुसरा लावा. मग सुई झुकते का बघू."

"गुरूंची अंगठी आहे ती! ऐका मंडळी, हिच्या तोंडून लोखंड बोलतंय!"

"खाली उतरा हो बाई!" मागून कुणीतरी खेकसलं. "आमचे नंबर जातायत!"

घाईघाईनं टाचण्या उपसताना एक तिच्या बोटात रुतली. चार टाचण्या तिनं आपल्या गुडघ्यावर ठेवल्या. "इथलं लोखंड तापलंय म्हणता ना? मग ओढू दे ह्यांना." टाचण्या निमूट पडून राहिल्या. "आता तुमचा हात आणा."

महाराजांचा हात पाठीमागे गेला.

"आणा की हो हात!" नणंद मंचावर चढली होती. तिनं वहिनीला इथवर ओढून आणलं होतं, आता तितक्याच जोरानं महाराजांचं मनगट ओढलं. चारही टाचण्या उठल्या आणि अंगठीला लटकल्या. मग तिनं बरणी घेतली आणि तो हात स्वतःच्या धडधाकट गुडघ्याशी धरला. सुई झुकली.

"अगंबाई! माझ्याही गुडघ्यात लोखंड उगवलं वाटतं!"

पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग हशा मागेपर्यंत पसरत गेला, आणि त्याच्या पाठोपाठ लोक आपापल्या काठ्या शोधायला मंचावर आले.

दुसऱ्या दिवशी व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे शिंपीणबाई गेली, तर शेजारच्या खाटेवर पोस्टमनकाका होते. गुडघा भोपळ्याएवढा, त्यावर बर्फाची पिशवी.

"नाचताना काही दुखलं नाही हो," ते पुटपुटले.

"पाचशे माणसं टाळ्या वाजवत असली की शरीर दुखणं थोडा वेळ बाजूला ठेवतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माफ करत नाही. पंधरा दिवस मागे गेलात, काका. आता काठी टाकायची ती मी सांगेन तेव्हा."

शिंपीणबाईनं मान खाली घालून आवाजाचं सांगून टाकलं.

"मावशी, इतके दिवस लपवलंत?"

"पुन्हा उघडाल म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी गुडघा दाबून, हलवून पाहिला. टक. "हाच ना? धातू प्लॅस्टिकवर टेकला की वाजतो. पुष्कळांचा वाजतो. आत भरून येतंय, म्हणून काही महिने गरमही लागेल. तुमच्यात जो धातू बसवलाय त्याला चुंबक ओढतही नाही. पण आवाजाबरोबर दुखलं, सूज एकदम वाढली, ताप आला, पोटरी दुखून सुजली किंवा जखम पाझरली, तर त्याच दिवशी यायचं."

"मग त्याला कसं कळलं हो, वाजतं ते?"

खाटेवरून काका म्हणाले, "मलाही कानात तेच विचारलं की त्यानं."

त्या दिवशी गुडघा शहाऐंशीपर्यंत गेला. डोळ्यांत पाणी आलं, पण एक अंश मिळाला. पुढच्या आठवड्यात तीन मिळाले, त्याच्या पुढच्यात एकही नाही. चौथ्या महिन्यात तिनं मशीनची खोळ काढली. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, मग बर्फ. पायपट्टी खाली गेली की अधूनमधून टक व्हायचं आणि तिला पुन्हा तीच भीती वाटायची. अजूनही वाटते. फरक एवढाच, की आता ती व्यायाम थांबवत नाही. तारीख लिहून ठेवते आणि डॉक्टरीणबाईंना विचारते.

शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला भीती वाटते, यात लाज कसली? ती भीती आवाज न करता आत बसून राहते, आणि तिला पहिल्यांदा नाव देणारा माणूस देवासारखा वाटतो. म्हणून तिचं नाव आपणच आधी, योग्य माणसासमोर घ्यावं. बरं होणं अंशाअंशानं होतं, टाळ्यांच्या गजरात होत नाही. आणि कुणी काचेची बरणी घेऊन तुमच्या गुडघ्याशी बसलाच, तर शिंपीणबाईसारखा आवाज कापला तरी चालेल, पण एवढं म्हणा: दुसरा हात लावा.