अर्धा टेरियर

बिन्यामिननं जिन्याच्या दाराला नोटीस डकवली आणि स्वतः शेजारीच उभा राहिला. वाचताना जेमायमाचं तोंड कसं उतरतं, ते त्याला बघायचं होतं. इस्राएलमधल्या बेर्शेबा गावातल्या त्या चार मजली बिल्डिंगच्या कमिटीचा तो चेअरमन. रिटायर्ड क्लार्क. ऑफिस सुटलं, पण शिक्का मारायची खाज काही हातातनं सुटली नव्हती.

जेमायमानं एकेका हिब्रू अक्षरावर बोट फिरवत वाचलं. ‘या इमारतीत जिवंत कुत्र्यांचे केस उपटले जातात. हे क्रूर कृत्य रहिवाशांनी ताबडतोब थांबवावे.’

“रहिवाशांनी?” ती म्हणाली. “उपटते तर मी एकटीच. नाव लिहायला लाजलास होय रे?”

पिशवीतनं पेन्सिल काढून तिनं खाली लिहिलं, ‘मेलेल्या कुत्र्यांचे चालतील का?’ आणि गुणगुणत वर गेली.

तोंड काही उतरलं नाही. बिन्यामिनचं मात्र चांगलं लांब झालं.

जेमायमा नवगावकर पन्नाशीला टेकलेली बाई. सकाळी हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायची. बारा वर्षं झाली तरी तिथे तिचं नाव कोणाला पाठ नव्हतं. ‘ती इंडियन’ म्हटलं की काम भागायचं. पण दुपारी घरी येऊन तिनं गॅलरीत लोखंडी टेबल मांडलं, की गावातले डॉक्टर नि प्रोफेसर आपापली कुत्री घेऊन दोन जिने चढायचे आणि दारात अदबीनं विचारायचे, “जेमायमा आहे का?” त्या एका हाकेसाठी ती सकाळभर चादरी सोसायची.

कुत्र्यांचे केस राखायची ही विद्या मुंबईची. दादरला एका पारशिणीकडे ती पोरांची आया म्हणून लागली, पण बाईला पोरांपेक्षा कुत्री प्यारी. बाईनं तिला सगळं घोटून शिकवलं. पॉमेरेनियनला उन्हाळ्यात भादरायचं नाही, त्याचं दुहेरी अस्तर हीच त्याची छत्री. कॉकरचे कान आतनं मोकळे ठेवायचे, नाहीतर पावसाळ्यात चपलेला येतो तसा वास सुटतो. अल्सेशियनला धुवायचं कमी नि विंचरायचं फार. पूडल म्हणजे मेंढरू, कातर चालवावी तेवढी थोडी. “पन टेरियरला कातर लावशे,” बाई दम द्यायची, “तर तुझाच हात कापीश!” त्या तारेसारख्या केसांना कापलं की ते मऊ पडतात, रंग उडतो. मेलेला केस चिमटीनं उपटायचा, म्हणजे खालनं नवा कडक येतो.

आता हे बोलायला सोपं. बाईच्या चिमटीतनं केस निसटायचे. जेमायमा मात्र पहिल्याच दिवशी चुलीतली राख घेऊन बसली आणि तासाभरात कुत्रा चकाचक. बाईचा आ वासलेला. “क्यांथी शिखी?”

“कोंबडीवरनं,” जेमायमा म्हणाली.

तिच्या गावी, अलिबागेकडे, प्रार्थना सांगणाऱ्या हझाननं कोंबडी कापून दिली की ती गरम पाण्यात बुडवायची सोय नाही. मीठ लावून रक्त काढायच्या आधी गरम पाणी लागलं, की आपल्यात, बेने इस्राएल ज्यूंत, ती कोंबडी बाद. मग सगळी पिसं कोरडीच उपटायची. बोटांना राख लावली की पीस निसटत नाही. सात वर्षांची असल्यापासनं तिनं हेच केलेलं. कुत्रा काय, नि कोंबडी काय!

बिन्यामिनची गॅलरी अंगणापलीकडे समोरच. तिथनं त्याला दिसायचं काय, तर इंडियन बाई मांडीशी कुत्रा धरून त्याची पिसं उपटतेय. तो घाबरला असेल तर त्यात नवल नाही. पण घाबरलेल्या माणसानं विचारावं, तक्रार करू नये. त्यानं म्युनिसिपालिटीला अर्ज ठोकला. रविवारी इन्स्पेक्टर येणार होती. क्रूरता शाबीत झाली तर जेमायमानं पुन्हा कुत्र्याला हात लावायचा नाही.

“गो, माफी मागून मोकळी हो,” नवरा, एफ्राईम, चहात खारी बुडवत म्हणाला. “आपण परके. लोकांच्या डोळ्यांवर कशाला येतंस?”

“परके? पंधरा वर्षं झाली येऊन. आणि माफी कशाची? कुत्र्यानं तक्रार केलीय का?”

“त्याला लिहिता येत नाही.”

“बिन्यामिनला तरी कुठे येतं? नोटिशीत दोन चुका होत्या.”

रविवारी इन्स्पेक्टर आली. ओरना तिचं नाव, पायात सँडल, काखेत फाइल. मागोमाग बिन्यामिन. त्याच्या हातात कागदी पिशवी, पिशवीत पुरावा म्हणून जिन्यातनं वेचलेले केस. टेबलावर डॉक्टर शुलामितचा तारेसारख्या केसांचा फॉक्स टेरियर, बोबी. डॉक्टरीणबाई दाराशी.

“मी लिहून देते, याला काही त्रास होत नाही,” शुलामित म्हणाली.

“चिठ्ठी नको डॉक्टर. कुत्रा दिलात तेवढं बस.”

जेमायमानं वाटीतली राख बोटांना चोळली. डाव्या कुशीवर सुरुवात केली. चार-पाच केस चिमटीत, वाढलेत त्याच दिशेनं एक झटका. पुन्हा चार-पाच. बोबीनं जांभई दिली. मान टेबलावर टेकली. दहा मिनिटांत तो घोरायला लागला. अर्ध्या तासात डावी बाजू पुरी झाली.

“दारू पाजली असणार!” बिन्यामिन ओरडला.

“तुला पाजू? तू पण जरा निजशील.”

ओरना हसू दाबत पुढे झाली. “मी बघू?”

जेमायमानं तिची बोटं राखेत बुडवली. “घाबरू नको पोरी. पिकल्या आंब्यासारखा केस आहे हा, देठ सुटलेला. नुसता बोलाव, येतो.”

ओरनानं ओढलं. केस अलगद हातात आले. बोबी घोरतच होता. तिनं अजून दोनदा ओढून बघितलं, मग फाइलीत लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, “क्रूरता नाही.”

जेमायमा बिन्यामिनकडे बघून डोळा मारणार, एवढ्यात त्यानं खिशातनं दुसरा कागद काढला. बेरकीच! “राहत्या घरात धंदा करायला बंदी आहे. कलम वाचा.”

ओरनानं वाचलं. तिचा चेहरा पडला. “हे मात्र खरं आहे. घरात नाही करता येणार. अंगण कमिटीचं आहे. कमिटीनं लेखी परवानगी दिली तर तिथे माझी हरकत नाही.”

“कमिटी देणार नाही,” कमिटी म्हणाली.

“घरात कधीपासनं बंद?” जेमायमानं विचारलं.

“कायद्यानं... आत्तापासून.”

जेमायमानं हात फडक्याला पुसले. “बंद.”

“अहो, पण बोबी!” शुलामित किंचाळली.

सगळ्यांनी बोबीकडे बघितलं. तोही एव्हाना उठून उभा राहिला होता. डावीकडनं कडक इस्त्रीतला बॅरिस्टर, उजवीकडनं झिजलेला झाडू. मधोमध, पाठीच्या कण्यावर, सरळ रेघ. दाढी अर्धी, भुवई एकच.

“रेगा, रेगा, थांब जरा,” बिन्यामिन गडबडला, “हा एवढा पुरा कर.”

“मी? कायदा मोडू? इन्स्पेक्टरबाईंच्या देखत?” जेमायमानं कानाला हात लावले. “आम्ही इंडियन लोक फार भिऊन असतो हो.”

ओरना फाइलीत तोंड खुपसून खांदे हलवत निघून गेली. शुलामितला आधी रडू येत होतं. पण जेमायमा तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटली, आणि डॉक्टरीणबाई ताठ झाली.

सोमवारी सकाळी शुलामित बोबीला घेऊन बिन्यामिनच्या खिडकीखालनं फिरली. दुपारी फिरली. संध्याकाळी बसस्टॉपवर उभी राहिली, बस नको असताना. लोक थांबायचे. “काय झालं याला?”

“बारा नंबरच्या बिल्डिंगमधल्या कमिटीनं काम अर्ध्यावर बंद पाडलं. चेअरमनला विचारा, दुसऱ्या मजल्यावर राहतात.”

मंगळवारी बाजारातला भाजीवाला बिन्यामिनला म्हणाला, “काकडी अर्धीच देऊ का?” कॉफीच्या टपरीवर दोस्तांनी त्याच्यापुढे अर्धा कप ठेवला. चार अनोळखी माणसं वर येऊन दार वाजवून गेली, त्यांना ‘तो कुत्रा’ बघायचा होता.

जेमायमा गॅलरीत रिकाम्या टेबलाशी मांडीवर हात ठेवून बसलेली, सूर्यफुलाच्या बिया फोडत. एफ्राईम येरझाऱ्या घालत होता. “गो, कुत्रीवाले दुसरीकडे जातील. हातचं जाईल सगळं. नमतं घे!”

जाईलही, हे तिला ठाऊक होतं. पण चौसष्ट साली, आपण बेने इस्राएल पुरते ज्यू आहोत की नाही असा प्रश्न इथल्या रब्बींनी काढला, तेव्हा ती यरुशलायमला उन्हात धरणं धरून बसलेली. तिथे ती एकच गोष्ट शिकली होती. बसायचं. समोरचा उभा असतो, त्याचे पाय आधी दुखतात.

“तुम्ही पण बसा हो,” ती म्हणाली. “बिया घ्या.”

बुधवारी दुपारी दारावर टकटक झाली. बिन्यामिन. तीन दिवसांत गाल आत गेलेले.

“तो कुत्रा पुरा कर.”

“घरात?”

“अंगणात.” त्यानं शब्द दगडासारखा टाकला.

“लिहून दे.”

त्यानं लिहूनच आणलेलं. तिनं बोट फिरवत वाचलं. ‘फक्त हा एक कुत्रा.’ कागद परत दिला नि एक बी फोडली. त्यानं खोडून लिहिलं, ‘फक्त बुधवारी.’ तिनं अजून एक बी फोडली. खालनं बोबीच्या भुंकण्याचा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ बऱ्याच लोकांच्या हसण्याचा. बिन्यामिननं डोळे मिटले, ‘बुधवारी’ खोडलं आणि ‘रोज’ लिहिलं.

“आणि ‘उपटणे’ नाही लिहायचं,” जेमायमा म्हणाली. “‘कुत्र्यांची निगा’ लिही. नीट अक्षरात. आता शिक्का मार.”

“शिक्का घरी आहे.”

“मग जाऊन आण. मी बसलेय.”

तो आणायला गेला. शिक्का उमटल्यावर तिनं लोखंडी टेबलाचे दोन पाय स्वतः धरले, दोन नवऱ्याला धरायला लावले, आणि ते दाणदाण जिन्यावर आपटत खाली नेलं. अंगणाच्या बरोब्बर मधोमध मांडलं. सगळ्या गॅलऱ्यांत माणसं. शुलामितनं बोबीला उजवी बाजू वर करून ठेवलं.

“गो, आता तरी हळू बोल,” एफ्राईम कुजबुजला.

जेमायमानं पदर खोचला आणि चौथ्या मजल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात हिब्रूत विचारलं, “याच्यानंतर कोणाचा नंबर?”