काळे ठोकळे

मित्रांनो, मी एक जुनी मतपेटी आहे. वेल्समधल्या पाटीच्या दगडाच्या खाणीचं गाव, ते माझं गाव. दारूला न शिवण्याची शपथ घेतलेल्या बंधूंचं तिथे मंडळ होतं. त्यात कोणाला घ्यायचं हे माझ्या पोटात ठरे. पांढरी गोटी म्हणजे ये, काळी म्हणजे नको. एक काळी पडली तरी दार बंद! केवढा तोरा होता माझा! आज संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात तो आठवला की लाजेने मेल्याहून मेल्यासारखं होतं.

म्हातारा एमरिस या बंधूंपैकीच एक, आणि मंडळाचा दारवानही. खाणीत दगडाचे पापुद्रे सोडवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. सभेनंतर चहाही तोच ओती. एकदा त्याने सगळा चहा कपाबाहेर ओतला.

"काय रे एमरिस, आता चहाच चढायला लागला का तुला?" चिटणीस गेथिन म्हणाला. सगळे बंधू पोट धरून हसले. मीही खुळखुळले. एमरिसही हसला, पण पुन्हा त्याने किटलीला हात लावला नाही.

इद्वल त्याचा जावई. तान्हं मूल गेलं तेव्हा तो बाटलीकडे वळला आणि मंडळाने त्याला काढलं. त्याची बायको नेस्ट माहेरी आली. "बंधूंनी तुझ्या गळ्यात मंडळाचा पट्टा परत घातला, की त्याच दिवशी येईन," असं तिने बजावलं होतं. वर्षभर इद्वलने थेंब घेतला नाही. त्याला परत घ्यायचं का, या मतदानाच्या संध्याकाळी नेस्ट गाठोडं बांधून बाहेर उभी होती.

गोट्या मोजल्या. सगळ्या पांढऱ्या, एक काळी.

काळी त्याचीच असं धरून इद्वलने गेथिनकडे रोखून पाहिलं आणि तो निघून गेला. नेस्ट गाठोड्यासकट माहेरी परतली.

मला आवरून ठेवायचं काम एमरिसचं. तो गोट्या निवडायला बसला. एक डोळ्यांशी नेली, मग दिव्याशी. दुसरी उचलली. काळी कुठली नि पांढरी कुठली, त्याला कळेना.

"अरे देवा," तो पुटपुटला, "मीच की काय?"

हो, तोच. पण मला कुठे बोलता येतं? आणि तोही बोलेना. दिसत नाही म्हटलं तर खाणीतलं काम जाणार, चारचौघांत हसं होणार ते वेगळंच.

मग एकदा नेस्ट सभागृह झाडायला आली. "बाबा, ते काल गुत्त्यासमोर उभे होते म्हणे," ती म्हणाली. "आत नाही गेले. पण असे किती दिवस उभे राहतील?"

पुढच्या सभेत एमरिस उठला. "ती काळी गोटी माझी. चुकून पडली. मला दिसत नाही."

कोणी हसलं नाही. गेथिनने मान खाली घातली. "त्या दिवशी चहा सांडला, तेव्हाच सांगायचंस."

"तुम्ही हसत होतात," एमरिस म्हणाला.

पुन्हा मतदान झालं. सगळ्या पांढऱ्या! एमरिसचं खाणीतलं काम मात्र गेलं. इद्वल-नेस्टने त्याला आपल्या घरी नेलं. मग इद्वलने काळ्या गोट्या फेकून दिल्या आणि खाणीतला दगड घासून चौकोनी ठोकळे आणले. "मामा, आता बोटांनी बघा," तो म्हणाला.

इथे येणारी मुलं विचारतात, काळे तेवढे चौकोनी का? राखणदार सांगतो, घरंगळू नयेत म्हणून. तसं नाही, मित्रांनो. आम्ही एका म्हाताऱ्याला हसलो होतो, म्हणून. माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण कोणाच्या हातून चहा सांडला, तर हसण्याआधी त्याला दिसतंय ना, तेवढं विचारा.