दादाचे मोकळे हात

पत्र्याच्या डब्यांची झाकणं कापणाऱ्या त्या कारखान्यात कामाच्या वेळी कुणी कुणाशी बोलत नसे. बोलून उपयोगच नव्हता, पत्रा कापणाऱ्या प्रेसच्या धडधडाटात स्वतःची शिंकसुद्धा ऐकू यायची नाही. मग हातांनी बोलायचं. पत्रा आत सरकवणारा दोन्ही हात वर करून पंजे दाखवायचा: माझे हात बाहेर आहेत, दाब बटण. पंजे दिसल्याशिवाय समोरच्याने बटणाला बोट लावायचं नाही. ताईला ही रीत तिच्या थोरल्या भावाने, दादाने शिकवली. पहिल्याच दिवशी ती चुकली, तेव्हा चारचौघांत टपली मारून शिकवली.

पुढे मालकांना काटकसरीची हुक्की आली. एका प्रेसवर एकच माणूस, त्यानेच पत्रा सरकवायचा, त्यानेच बटण दाबायचं. व्हायचं तेच झालं. एका नव्या पोरीची चार बोटं गेली. ताई तोवर कामगारांची प्रतिनिधी झाली होती. तिने सगळ्यांसमोर शब्द दिला, प्रेसवर दोन माणसं परत आणीन तरच नावाची ताई.

दादाचं मागणं अगदी एवढंसं होतं. वहिनीची एक बाजू लुळी पडल्यापासून तो कायम रात्रपाळी करायचा. रात्री शेजारच्या मावशी वहिनीजवळ झोपायला यायच्या, पण दिवसा त्या स्वतः कामावर. म्हणून दिवसा दादाच तिला न्हाऊमाखू घालायचा, भरवायचा, कूस बदलून द्यायचा. वहिनीला तळहाताच्या फोडासारखं जपलं त्याने. मालकांशी होणाऱ्या नव्या करारात सगळ्यांच्या पाळ्या फिरत्या होणार, असं कानावर आलं तेव्हा तो म्हणाला, "चिमणे, माझी रात्र तेवढी राहू दे. बाकी तू म्हणशील ते."

"माझ्यावर सोड," ताई म्हणाली. किती सोपं असतं नाही का, असं म्हणणं!

शेवटच्या बैठकीत मॅनेजरने बरोबर तिथेच बोट ठेवलं. दोन माणसं हवीत ना, घ्या, पण मग पाळ्या सगळ्यांच्या फिरणार, एकालाही सूट नाही. टेबलाच्या टोकाला ती पोरगी बसली होती, हातमोज्याच्या रिकाम्या बोटांत कापूस भरून. ताईने तिच्याकडे पाहिलं आणि दादाच्या रात्रपाळीचं कलम खोडलं. खोडलं ते खोडलं, निदान त्याच संध्याकाळी जाऊन त्याला सांगायचं तरी! पण नाही. आज सांगू, उद्या सांगू करत बाई मूग गिळून बसली.

कराराच्या प्रती वाटल्या गेल्या, पण वाचतंय कोण? त्या लोकांची सवयच तशी, समोरच्याचे पंजे बघायचे आणि विश्वास टाकायचा. मतदानाच्या दिवशी सगळ्यांनी ताईकडे पाहिलं आणि हात वर केले. सर्वांत आधी दादाने.

आता राहिली होती कायद्याची मंजुरी. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण हा करार कामगार कोर्टातूनच पक्का व्हायचा होता. सुनावणीला दादा रात्रपाळी उरकून, मावशींना अर्ध्या दिवसाची रजा घ्यायला लावून, धुतलेला शर्ट घालून आला. आत शिरताना ताईला तो दिसला तो बाहेरच्या फलकापाशी. तिथे करार डकवला होता. दादा चष्मा लावून, ओळीखाली बोट फिरवत वाचत होता. पाळ्यांच्या कलमापाशी बोट थांबलं, आणि थांबलेलंच राहिलं.

आत न्यायाधीश बाईंनी सगळी कागदपत्रं चाळली आणि कायद्याने विचारावाच लागतो तो प्रश्न विचारला. "या करारामुळे कुणा एकाचीही स्थिती आत्तापेक्षा वाईट होणार आहे का?"

हो म्हणावं, तर करार परत जाणार. प्रेसवर पुन्हा एकटी माणसं, पुन्हा कुणाची तरी बोटं. नाही म्हणावं, तर पाठीमागच्या बाकावर तिचा पाठीराखा दादा बसला होता.

"नाही, मॅडम," ताई म्हणाली. मागे वळून बघायची तिची छाती झाली नाही.

मग बाईंनी जमलेल्यांना विचारलं, कुणाची हरकत आहे का. बाक करकरलं. दादा उठून उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात वर केले, पंजे उघडे.

"बोला काका," बाई म्हणाल्या.

दादा हात तेवढे वर धरून उभा राहिला. बाई गोंधळल्या. त्यांनी ताईलाच विचारलं, काय म्हणताहेत हे? कामगारांतला एकजण हुंदका दाबत खाली मान घालून बसला. त्याला कळलं होतं, सगळ्यांनाच कळलं होतं.

"त्यांचे हात बाहेर आहेत, मॅडम," ताई कशीबशी म्हणाली. "चालू करा म्हणताहेत."

बाईंनी सही केली. करार मंजूर झाला. लोकांनी ताईला गराडा घातला, कुणी पाठ थोपटली, त्या पोरीने तर मिठीच मारली. ताई सगळ्यांना बाजूला सारत जिन्याकडे धावली. दादा कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होता. दिवसपाळी आली की वहिनीजवळ कुणी नाही, म्हणजे दादाला राजीनामा लिहून द्यावा लागणार, दुसरा मार्गच नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"दादा, मी सांगणार होते रे तुला."

"सांगायचं होतंस ना. मीच म्हणालो असतो, खोड म्हणून. त्या पोरीचा हात मी नव्हता का पाहिला?" तो थांबला. "तेवढं तरी मला माझ्या हाताने करू द्यायचं होतंस."

ताईला रडू फुटलं. त्याने सवयीने तिच्या डोक्याकडे हात नेला, आणि मध्येच मागे घेतला.

"जा, ताई," तो म्हणाला. "लोक वाट बघताहेत."

जन्मात त्याने तिला ताई म्हटलं नव्हतं.

करार लागू झाला त्या सकाळी प्रेसवर दोन-दोन माणसं उभी राहिली. ताईच्या समोर एक नवी मुलगी होती, कुणीतरी तिला रीत नीट शिकवली होती. तिने पत्रा आत सरकवला, दोन्ही हात वर केले, पंजे दाखवले. ताईचं बोट बटणावर होतं. ते काही केल्या दाबलं जाईना. आपलं काही चुकलं की काय असं वाटून ती मुलगी तशीच हात वर धरून उभी राहिली.