हलू नका, पैलवान

जालन्यात बद्रीनाथच्या खोलीत फोटो काढायला बसलेला माणूस मान चोळतच उठायचा. कॅमेरा जुना, खोलीत उजेड बेताचा, त्यामुळे भिंगाचं टोपण काढलं की हूं की चूं करायची सोय नव्हती. ‘हलू नका’ असं बद्रीनाथ असा काही खेकसायचा, की नवरा-नवरी श्वाससुद्धा भीत भीत घेत. लग्नानंतर मल्हारी पैलवान जयवंताबाईला घेऊन आला होता. तेव्हा माशी बसली म्हणून त्यानं जरा नाक हलवलं, तर बद्रीनाथनं त्या धिप्पाड माणसाला शाळेतल्या पोरासारखं झापलं होतं.

पुढं बद्रीनाथनं हैदराबादेहून नवा कॅमेरा आणला. पळत्या घोड्याचाही फोटो निघतो, असं तो ज्याला त्याला सांगत सुटला. ते जयवंताबाईच्या कानावर गेलं आणि ती एकटीच येऊन उभी राहिली.

“भाऊ, त्यांचं सुजलेलं अंग मीच शेकते,” ती म्हणाली. “पण फडावर बायांना जाता येत न्हाई. ते खेळतात कसे, म्या कधी पाह्यलंच न्हाई. पिंपळगावच्या जत्रेत त्यांची शेवटची कुस्ती हाय. तेवढी एक दावा मला.”

बद्रीनाथनं छाती फुगवून शब्द दिला, आणि ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्याला पश्चात्ताप झाला. आदल्याच वर्षी त्यानं या नव्या कॅमेऱ्यानंच त्या जत्रेतली मानाची कुस्ती काढली होती. फोटोच्या काचेवर उमटले होते धुराचे दोन लोट. जत्रेतल्या कुस्त्या लावणारे रामराव पाटील तो फोटो गावभर दाखवत, यातला पैलवान कोणता आणि धुरळा कोणता, असं विचारत हिंडले होते.

अडचण साधी होती. कॅमेऱ्याची झडप झटकन मिटली तर हलता माणूस स्वच्छ उमटतो, पण उजेड आत शिरायला वेळच मिळत नाही. ती सावकाश मिटली तर उजेड भरपूर, पण पैलवानाचा धूर होतो. भिंगाचं तोंड मोठं केलं की उजेड वाढतो खरा, पण मग हातभर पुढं-मागं सरकलेलंही पुसट येतं. आणि कुस्ती काही एका जागी बसून खेळत नाहीत. भर उन्हात हे सगळं जमलं असतं. म्हणून बद्रीनाथनं मोठी कुस्ती दुपारीच लावा, अशी रामरावांची विनवणी केली. त्यांनी वर न बघताच विचारलं, कुस्ती रेणुकाई देवीसाठी आहे की तुझ्या डब्यासाठी? मानाची कुस्ती ऊन उतरल्यावरच व्हायची, आणि तशीच झाली.

मल्हारीसमोर हसनाबादचा भुजंग होता, तरणाबांड. हलगी कडाडली आणि सूर्य बाभळींच्या मागे गेला. बद्रीनाथनं भिंगाचं तोंड पार उघडलं. सेकंदाच्या शंभराव्या हिश्शावर झडप ठेवली तर फोटो काळाकुट्ट, पंचविसाव्यावर ठेवली तर पुन्हा धूर. मग त्याला एक गोष्ट सुचली. झोका वर गेला की खाली येण्याआधी जरासा थबकतो. मल्हारीचा हुकमी डाव धोबीपछाड; त्यात पाठीवर उचललेला गडीही तसाच थबकत असणार. त्यानं झडप पंचविसाव्यावर ठेवली आणि मल्हारीच्या पाठीवर नजर लावून बसला.

मल्हारीनं भुजंगला पाठीवर घेतलं. भुजंगचे पाय आभाळाकडे गेले. बद्रीनाथ कळ दाबणार तोच इतक्या वर्षांची सवय त्याच्या तोंडून ओरडली, “हलू नका!”

मल्हारी हलला नाही. मान ताठ करून, कॅमेऱ्याकडे तोंड करून खांबासारखा उभा राहिला. तेवढ्यात बद्रीनाथनं कळ दाबली. हलगीवालाही थांबला. भुजंगनं जन्मात फोटो काढला नव्हता, त्यामुळे त्याला हा कायदा ठाऊक नव्हता. तो पाठीवरून घसरला आणि त्यानं मल्हारीचा पाय धरून त्याला आसमान दाखवलं.

त्या दिवशी बद्रीनाथ मागच्या वाटेनं निसटला म्हणूनच वाचला. फोटो मात्र असा निघाला, की मल्हारीच्या मिशीचा केस न् केस मोजावा. तो घेऊन मल्हारीच्या अंगणात जायला त्याला फार धीर करावा लागला. मल्हारी बाजेवर पाठ करून बसला होता. बद्रीनाथचं माफी मागणं संपेना. जयवंताबाईनं त्याच्या हातातून फोटो घेतला आणि उजेडात धरून कितीतरी वेळ बघितला.

“एवढा गडी पाठीवर,” ती नवऱ्याला म्हणाली, “अन् तुम्ही त्याच्याकडं बघायचं सोडून इकडं काय बघून राह्यले?”

मल्हारीनं मान वळवली नाही. “फोटो तुझ्यासाठी व्हता,” तो म्हणाला. “मंग तुझ्याकडं बघू न्हाई तर काय त्या भुजंगकडं?”

जयवंताबाईचे डोळे भरून आले. पदराच्या टोकानं तिनं फोटोवर उमटलेला बोटाचा ठसा पुसला.

“मंग हरले ते बराबरच केलं,” ती म्हणाली, आणि बद्रीनाथसाठी चहा टाकायला आत गेली.